एका घरात एकच ईमेल

माझं कुणी खरं मानलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला ईमेलमधलं काय कळतंय, असं म्हणून सगळे हसले. हसा बापडे. ईमेलमधलं मला नाहीच कळत. पण माणसाच्या पोटात काही जळायला लागलं की मला त्याचा वास येतो. तेव्हा मुलांनो, ऐका. आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही जरा जास्त ऐका.

केळीच्या बागांमध्ये वसलेल्या एका गावात एक गिरणीवाला राहत होता. सुकदेव भदाणे त्याचं नाव, पण सगळं गाव त्याला आप्पा म्हणायचं. दळण त्याच्याकडं, मिरची कांडप त्याच्याकडं, शेवया पाडायचं यंत्रही त्याच्याकडंच. त्याचा धाकटा भाऊ वारला, तेव्हा त्यानं भावजयीला आणि पुतणीला वेगळं पडू दिलं नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर ठेवलं. गाव म्हणालं, "माणूस नाही हो, देवमाणूस." आप्पाला तो शब्द गुळासारखा लागला. आणि गुळाची चटक लागली की माणूस मुंगळ्यासारखा त्याच्यामागं फिरतो.

घरात दोन मुली होत्या. आप्पाची मुलगी हर्षाली आणि पुतणी चेतना. हर्षाली काही महिन्यांनी मोठी, म्हणून चेतना तिला ताई म्हणायची. दोघी तालुक्याच्या कॉलेजात एकाच वर्गात. एकाच एसटीनं जायच्या, एकाच डब्यातलं खायच्या, पावसात एकाच छत्रीत अर्ध्या अर्ध्या भिजायच्या.

कॉलेजात त्यांच्या सोनवणे मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "प्रत्येकीनं स्वतःचा ईमेल काढा. गप्पा मारायला व्हॉट्सअॅप आहे. कामाचं सगळं ईमेलवर येईल. वेळापत्रक, नोट्स, परीक्षेचा फॉर्म, हॉलतिकीट. रजा हवी तर मेल करा, जर्नल द्यायचं तर मेल करा. मला मेल मिळाला नाही, हे कारण मी ऐकणार नाही."

दोघी घरी आल्या आणि आप्पाला सांगितलं. आप्पा गिरणीच्या जात्याला छिन्नीनं टाकी लावत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"दोन कशाला? एका घरात दोन चुली नाहीत, दोन ईमेल कशाला पाहिजेत? एकच काढा. हर्षाच्या फोनमध्ये ठेवा. दोघींनी बघायचा."

"आप्पा, मॅडम म्हणाल्या प्रत्येकीचा..." हर्षाली पुटपुटली.

"मॅडमला काय माहीत आमचं घर कसं आहे? लोक उदाहरण देतात आपलं."

आता बघा या माणसाचं. गिरणीत प्रत्येकाचा डबा वेगळा. कुणाच्या ज्वारीत कुणाचे चार गहू पडले तर बायका गिरणी डोक्यावर घेतात, आणि आप्पा हात जोडून पुन्हा दळून देतो. पण पोरींचं आलंगेलं मात्र एकाच डब्यात. मी तेव्हाच म्हटलं, हे बरं नाही. "वहिनी, तुम्ही दळण न्या," एवढंच उत्तर मिळालं मला.

तर भदाण्यांच्या घराचा एक ईमेल निघाला. पासवर्ड दोघींना पाठ. फोन एक, आणि तो हर्षालीचा.

चेतना हुशार होती. हर्षालीही काही दगड नव्हती, पण चेतनाच्या हाताला सफाई होती. काचेच्या नळीतून थेंब सोडायचा तर चेतनाचा थेंब मोजून पडायचा. मॅडम तिला मेल करायच्या. "चेतना, जर्नल सुंदर झालंय." "चेतना, तुझी आकृती वर्गाला दाखवते आहे." हे सगळं आधी कुणाच्या डोळ्यांपुढं यायचं? हर्षालीच्या. फोन तिच्या हातात ना! टिंग वाजलं की ती आशेनं उघडायची, आणि आत दुसरीचं कौतुक. मग हाक मारायची, "चेतू, तुझा मेल आलाय गं." हाक गोड असायची. मी ऐकलीय ना. साखरेच्या पाकात मिरची घातली तर कशी लागेल, तशी गोड.

एकदा हर्षालीला वाटलं, आपल्यालाही मॅडम असंच लिहितील. तिनं जर्नल रात्रंदिवस घासूनपुसून तयार केलं, फाइल जोडली, पाठवलं. उत्तर आलं, "मिळालं." बस्स. एक शब्द. तिनं तो शब्द किती वेळा उघडून बघितला, त्याचा हिशोब देवाकडं.

पण खरी आग मेलनं लागली नाही. मेल नुसता वारा होता. आग घरात होती.

आप्पाला सवय लागली होती. गिरणीत बाई दळण घेऊन आली, की पट्टा फिरता फिरता हा ओरडून सांगणार, "आमची चेतना बघा! बापाविना पोर, पण वर्गात पहिली! नाहीतर आमची हर्षा. खायला पुढं, अभ्यासाला मागं!" बाया हसायच्या. हर्षाली तिथंच डब्यांवर खडूनं नावं लिहीत बसलेली असायची. जेवायला बसलं की तेच. "हर्षे, शीक जरा चेतनाकडून." दिवाळीला चेतनाला भरजरी ड्रेस, हर्षालीला साधा. कुणी विचारलं तर आप्पा छाती फुगवून सांगायचा, "पुतणीला आधी. पोटच्या पोरीला काय, कसंही चालतं."

आप्पाची बायको शेवंताबाई बोलायची कमी, पण एकदा भाकरी वाढताना तिनं विचारलंच, "अहो, कधी आपल्या हर्षीलाही चांगलं म्हणा की. पोर सुकत चाललीय."

"आपल्याच पोरीचं कौतुक आपणच करू? लोक काय म्हणतील?"

"लोक तर जेवूनखाऊन झोपलेत. ती जागी असते."

आप्पा हसला आणि म्हणाला, "बायकांना सगळ्यात रडूच दिसतं." विषय संपला.

आणि चेतनाचं? तिलाही ते कौतुक सुखानं खाता येत नव्हतं. कारण कौतुकाच्या शेपटाला आप्पा एक गाठ मारून ठेवायचा, "एवढं वर्ष शिक. पुढं काही नोकरीचं जमलं तर बघू, नाहीतर स्थळ आलेलंच आहे." तिची आई कुसुमबाई हे ऐकून पदराचं टोक चावायची. दिराच्या घरात खाणारी बाई. बोलणार काय?

शेवटच्या वर्षी मॅडमनी वर्गात सांगितलं, पुण्याला माती तपासायची एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिथं उन्हाळ्यात मुलींना शिकायला घेतात. राहायला जागा देतात, आणि जिचं काम चांगलं तिला पुढं नोकरीला ठेवून घेतात. अर्ज ईमेलनं करायचा. कॉलेजातून एकीलाच घेतील.

दोघींनी अर्ज केला. एकाच ईमेलवरून.

चेतनाला ती जागा म्हणजे श्वास होता. जमलं तर पुणं, नाहीतर बोहल्यावर. हर्षालीलाही हवी होती. पुण्याला जायला नव्हे हो. एक दिवस, फक्त एक दिवस, पट्टा फिरत असताना आप्पानं ओरडून सांगावं, "आमची हर्षा बघा!" एवढ्यासाठी.

त्यानंतर प्रयोगशाळेकडून सूचनांमागून सूचना यायला लागल्या. कधी फोटो पाठवा, कधी गुणपत्रिका जोडा. सगळ्यांच्या वर एकच ओळ, "उन्हाळी प्रशिक्षण: सूचना." दोघींना सवय झाली होती. नवा मेल आला की त्याची अक्षरं गडद दिसतात. उघडून वाचला की फिकी होतात. गडद दिसलं तर उघडायचं, फिकं दिसलं तर ते जुनं, हे दोघींनी ठरवून टाकलं होतं. एका डब्यात दोघींचं असलं की असल्या खुणा ठेवाव्याच लागतात.

एका दुपारी वीज गेली होती. गिरणी थांबलेली. बाया सावलीला बसून गप्पा मारत होत्या. हर्षाली पिठानं माखलेल्या पोत्यावर बसली होती. फोन टिंग वाजला. गडद अक्षरं. "उन्हाळी प्रशिक्षण: सूचना."

तिनं उघडलं.

आत लिहिलं होतं, की चेतना भदाणे यांची निवड झाली आहे. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत याच मेलला उत्तर द्या. उत्तर आलं नाही, तर जागा दुसऱ्या कॉलेजातल्या पुढच्या मुलीला दिली जाईल.

मुलांनो, माणसाची परीक्षा काही युद्धात होत नाही. ती अशीच होते, दुपारी, वीज गेलेली असताना, कुणी बघत नसताना. नुसती एक हाक मारायची होती. "चेतू, तुझा मेल आलाय गं." रोजचीच हाक.

हाक तिच्या ओठापर्यंत आली होती, असं तिनंच मागाहून सांगितलं. तेवढ्यात सावलीतून आप्पाचा आवाज आला. कुणीतरी पाहुणा आला होता, त्याला सांगत होता, "दोघींनी अर्ज केलाय. पण लागणार तर चेतनाच. आमच्या हर्षाला कोण विचारतंय? तिला गिरणीच बरी."

पाहुणा हसला. हर्षालीनं मेल बंद केला. अक्षरं फिकी झाली.

तिनं मेल पुसला नाही. लपवला नाही. नुसता वाचला आणि ठेवला. पण दुसऱ्याचं ताट वाढलेलं बघून त्याच्यावर झाकण घालणं, हे काय साधं काम आहे?

संध्याकाळी चेतना आली. "ताई, काही आलं का गं?"

"हा घे फोन. बघ तूच."

चेतनानं अंगठ्यानं वर खाली केलं. गडद काही नव्हतं. "सूचना"च्या फिक्या ओळींची रांग होती, त्यात ही एक. "नाही आलं अजून," म्हणाली.

"येईल," हर्षाली म्हणाली.

इथवर ती गप्प होती. आता खोटं बोलली. आणि एकदा उताराला लागलं की पाय थांबत नाहीत. गुरुवारी चेतनानं विचारलं, "मॅडमना एक मेल करून विचारू का? माझा जीव थाऱ्यावर नाही."

"सारखं सारखं विचारू नये, चेतू. बरं दिसत नाही. अधाशी वाटतं."

चेतनाला पटलं. ताईचं तिला नेहमीच पटायचं.

शुक्रवार गेला. मला वाटलं होतं, हर्षालीचा जीव आता गार होईल. पण मत्सराचं पाणी असं, की प्यायलं तेवढी तहान वाढते. तिला जेवण जाईना. फोन हातात घेतला की ती ओळ दिसायची. फिकी ओळ, पण तिला सगळ्यांत गडद तीच दिसायची. शेवटी तिनं फोन बंद केला आणि धान्याच्या कोठीत टाकला. म्हणाली, "बिघडलाय." अभ्यासाची सुट्टी लागली होती, कॉलेजला जायचं नव्हतं. कुणाला काही वाटलं नाही. आप्पा म्हणाला, "बरं झालं, अभ्यास करा आता. चेतना करतेच. तू कर."

आणि त्याच सुट्टीत प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख अलीकडं आली. मॅडमनी सगळ्यांना मेल केला. सगळ्या मुली गेल्या. या दोघी घरात शेवया वाळत घालत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीपुढं स्कूटी थांबली. सोनवणे मॅडम. हेल्मेट काढायच्या आधीच त्यांनी तोंड सोडलं.

"अगं, होतात कुठं दोघी? काल प्रॅक्टिकल झालं! मेल वाचता की नाही?"

मॅडम पुढं म्हणाल्या, "आणि चेतना, पुण्याची जागा सोडायची होती तर मला सांगायचं तरी. तुझी निवड झाली आणि तू उत्तरसुद्धा दिलं नाहीस? माझी मान खाली गेली तिथं."

चेतनाच्या हातातलं सूप खाली पडलं. "निवड? माझी?"

आता आप्पा पुढं झाला. गिरणीत चार बाया बसलेल्या, मीही दळणाला आलेली. चार माणसं जमली की आप्पाचा आवाज चढतो.

"इथं रेंजच नसते, मॅडम! कंपनीवाले चोर आहेत!"

"रेंज नसली तरी मेल कुठं जात नाही, आप्पा. नंतर दिसतो."

"मग कॉलेजची चूक. सरळ पोस्टानं पत्र धाडायला काय झालं होतं?"

मग तो चेतनाकडं वळला. देवमाणूस ना! "आणि तू गं? झोपली होतीस का? तुझ्यापायी मी गावभर सांगत सुटलो, माझं नाक कापलंस."

चेतना रडत म्हणाली, "मी रोज बघितलं, आप्पा. खरंच बघितलं."

मॅडमनी फोन मागितला. हर्षालीनं कोठीतून आणून दिला. मॅडमनी चालू केला, ओळींवरून बोट फिरवलं आणि एके ठिकाणी थांबल्या. "हा बघा. आलाय की. आणि कुणीतरी उघडून वाचलायसुद्धा."

"मी वाचला," हर्षाली म्हणाली.

आप्पाचा हात वर गेला. शेवंताबाईनं तो हवेतच धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला. "हात खाली घ्या. आधी तिचं ऐका."

हर्षाली रडली नाही. सरळ बापाकडं बघून बोलली.

"आप्पा, मी वाईट केलं. चेतूचं वाटोळं केलं. मला मारा. पण एक सांगा, आजवर माझं नाव घेऊन तुम्ही कधी कुणाला काही चांगलं सांगितलंत का? एक तरी बाई दाखवा इथली, जी म्हणेल, आप्पा हर्षाबद्दल चांगलं बोलला."

आप्पानं आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्या आपापल्या डब्यांकडं बघायला लागलो. कोण काय बोलणार? ऐकलंच नव्हतं कुणी.

चेतना मात्र हर्षालीजवळ गेली. म्हणाली, "ताई, तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. मी तुला विचारत होते गं. तुलाच विचारत होते." आणि आत निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं ताईशी शब्द काढला नाही. तिचं बरोबरच होतं.

प्रात्यक्षिकाचं मॅडमनी कसंबसं निभावलं, दोघींना दुसऱ्या कॉलेजच्या शेवटच्या तुकडीत बसवलं. पुण्याचं मात्र गेलं. मॅडमनी तिथंच ओट्यावर बसून दोघींचे वेगवेगळे ईमेल काढून दिले. दोघींना पाठमोरं बसवलं आणि म्हणाल्या, "पासवर्ड सख्ख्या आईलाही सांगायचा नाही." चेतनानं आपल्या नव्या ईमेलवरून पहिला मेल पुण्याला लिहिला. घडलं ते लिहिलं, पण बहिणीचं नाव लिहिलं नाही. उत्तर आलं, "जागा भरली आहे. पुढच्या वर्षी अर्ज करावा."

आप्पानं लगेच विषय काढला, "मग आता ते स्थळ..."

आणि जी बाई इतकी वर्षं पदर चावत होती, ती कुसुमबाई बोलली. "स्थळ थांबेल, भाऊजी. नाही थांबलं तर जाईल. माझी पोरगी पुढच्या वर्षी अर्ज करणार. तिच्या स्वतःच्या ईमेलवरून."

आप्पा उठला आणि गिरणीचा पट्टा चढवायला गेला.

गावानं काय केलं? गावानं हर्षालीला धरलं. "एवढ्या देवमाणसाच्या पोटी अशी जळकी पोर कशी निपजली!" म्हणत बसल्या सगळ्या. हर्षालीचा दोष आहेच. मी तिला पदराखाली घेत नाही. बहिणीच्या तोंडचा घास तिनं अडवला, तो तिला जन्मभर टोचणार आणि टोचावाच. पण अगं बायांनो, पोरगी काय जन्मताना जळत आली होती? स्वतःला देव म्हणवून घ्यायला पोटच्या लेकीला कुणी रोज चार लोकांत उणं केलं? पुतणीच्या डोक्यावर कौतुकाची टोपली ठेवली आणि लेकीचा हेवा कुणी वाढवला? आणि वर दोघींना एकाच ईमेलात कोंबून, रोज एकीला दुसरीच्या ताटात बघायला कुणी लावलं? हे मी बोलले, तर म्हणे हिला गिरणीवाल्याचा राग आहे, याच्याकडं दळण बारीक येत नाही म्हणून.

तात्पर्य: शिकणाऱ्या मुलाचा ईमेल म्हणजे त्याच्या नावाचं दार आहे, ते ज्याचं त्याच्याच हातात असावं, ज्याचं त्यानं रोज उघडून नीट वाचावं, आणि दुसऱ्याचं चुकून उघडलं तर लगेच हाक मारावी. हेवा करणारा दुसऱ्याचं घालवतो आणि स्वतःचंही घालवतो, हे खरंच. पण दोन लेकरांत एकाला चढवून दुसऱ्याला पाडणारं मोठं माणूस त्याच्याहून मोठं गुन्हेगार. जळली ती हर्षाली. काडी लावणाऱ्याचं नाव सुकदेव भदाणे.